शेवटचा शब्द कुणाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरमधल्या एका कार्यक्रमात ८८ वर्षांच्या एका लेखकाला ३० लाख रुपयांचा चेक देण्यात आला. लेखकाचं नाव विनोद कुमार शुक्ल, पुस्तक ‘दीवार में एक खिड़की रहती थी’. हा पुरस्कार नव्हता. पुस्तक विकलं गेलं, त्याची ती रॉयल्टी होती. तो फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. एका शांत, संथ, साहित्यिक कादंबरीला एवढे पैसे मिळू शकतात, यावर अनेकांचा विश्वासच बसला नाही.

आता याच बातमीच्या मागचा काळ बघा. ही कादंबरी १९९७ साली आली. १९९९ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे पुस्तक गाजलेलं होतं, लेखकाला मान होता. तरीही २०२२ मध्ये शुक्ल यांना जाहीरपणे सांगावं लागलं की, आपल्या पुस्तकांची रॉयल्टी फारच तुटपुंजी मिळते. त्यावरून हिंदी साहित्यविश्वात मोठा वाद झाला. पुढे हे पुस्तक नव्या प्रकाशकाकडून आलं, सोशल मीडियावर तरुण वाचकांनी ते उचलून धरलं आणि आकडा कुठल्या कुठे गेला. डिसेंबर २०२५ मध्ये शुक्ल गेले. त्या पैशांचा उपभोग घ्यायला त्यांना जेमतेम तीन महिने मिळाले.

या सगळ्यात कादंबरीचं एक वाक्यही बदललं नव्हतं. पुस्तक तेच, लेखक तोच. बदलला तो व्यवहार.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण लिहिण्यात करिअर करायचं म्हटलं की तुमच्यासमोर एक ठरलेला प्रश्न टाकला जातो: मनासारखं लिहिणार की विकलं जाईल असं लिहिणार? एका बाजूला ‘खरे’ लेखक, फाटका खिसा आणि ताठ मान. दुसऱ्या बाजूला ‘धंदेवाईक’ लेखक, भरलेला खिसा आणि विकलेली लेखणी. कॉलेजच्या कट्ट्यावर, वक्तृत्व स्पर्धेत, घरच्या जेवणाच्या ताटावर, सगळीकडे हीच विभागणी. पण मराठीतलीच काही उदाहरणं नीट पाहिली, तर ही विभागणी टिकत नाही. लेखकाचं स्वातंत्र्य पैसे घेतल्याने जात नाही आणि पैसे नाकारल्याने वाचत नाही. पैसे कुणाकडून आले, कुठल्या अटीवर आले आणि मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा राहिला, यावर ते ठरतं.

दोन कादंबऱ्या, एकच वय

कॉलेजात असताना मराठी मुलं ज्या दोन कादंबऱ्या हमखास वाचतात, त्यांच्यापासून सुरुवात करू. पहिली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, १९६३ ची. दुसरी सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’, १९८२ ची. दोन्ही पुण्यातल्या कॉलेजजीवनाच्या. दोन्हींत घरापासून तुटलेली, स्वतःला शोधणारी मुलं आहेत. एकीला समीक्षकांनी मराठी कादंबरीचं वळण मानलं, दुसरीकडे बराच काळ लायब्ररीत झिजणारं लोकप्रिय पुस्तक म्हणूनच पाहिलं गेलं.

लेखकांचं जगणंही वेगळं. नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक. पगार विद्यापीठाचा, त्यामुळे कादंबरी किती खपते याची चिंता महिन्याच्या किराण्याशी बांधलेली नव्हती. शिरवळकर पूर्णवेळ लेखक. दोनशेहून अधिक पुस्तकं लिहिली. दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन ही त्यांची पात्रं एका पिढीला पाठ होती. लायब्ररीत नवं पुस्तक आलं की नंबर लागायचे. हा सरळसरळ बाजार होता, आणि त्याच बाजारासाठी लिहिणाऱ्या माणसाने ‘दुनियादारी’ लिहिली.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २०१३ मध्ये संजय जाधव यांचा ‘दुनियादारी’ आला आणि कॉलेजच्या गॅदरिंगपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे पोहोचला. २०२० मध्ये ‘समांतर’ या त्यांच्याच कादंबरीवर वेब सिरीज आली. शिरवळकर मात्र २००३ मध्येच गेले होते. ‘कोसला’च्या लेखकाला २०१४ चा ज्ञानपीठ मिळाला, आणि तीही कादंबरी आज दुकानात मिळते, विकली जाते. म्हणजे ‘शुद्ध’ म्हटलेलं पुस्तक साठ वर्षं बाजारात टिकलं, आणि ‘बाजारू’ म्हटलेलं पुस्तक तीस वर्षांनी पुन्हा उगवलं. लिहिताना लेखकाचा खिसा कशाने भरत होता, यावरून पुस्तकाचा दर्जा सांगता येत नाही.

ऑर्डरवर लिहिलेलं महाकाव्य

“डेडलाइन आली की क्रिएटिव्हिटी मरते,” असं म्हणणाऱ्यांनी १९५५ साल आठवावं. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे एक काम दिलं. दर आठवड्याला एक गाणं, रामकथेवर, वर्षभर. संगीत सुधीर फडके यांचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पहिलं गीत प्रसारित झालं. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे गाणी ५६ झाली. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल, ठरलेल्या वेळी प्रसारण. आज आपण ज्याला ‘कमिशन्ड कंटेंट’ म्हणतो, तेच हे काम. त्यातून ‘गीतरामायण’ झालं, जे आजही गायलं जातं.

गदिमांना हे जमलं याचं एक कारण त्यांची प्रतिभा, हे उघड आहे. पण व्यवहारही नीट बघा. विषय ठरलेला होता, मुदत ठरलेली होती, लांबी साधारण ठरलेली होती. ओळ कुठली लिहायची, कुठल्या पात्राच्या तोंडी कुठला भाव द्यायचा, हे मात्र कवीवर सोडलेलं होतं. चौकट बाहेरच्याची, आतला शब्द लेखकाचा. चित्रपटांसाठी शेकड्याने लिहिणाऱ्या या माणसाला मुदतीचं ओझं नवीन नव्हतं.

त्याच्याही आधीचं उदाहरण हरिभाऊ आपट्यांचं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून भागाभागाने आली. प्रत्येक आठवड्याला वाचक वाट बघत, म्हणजे ‘पुढच्या भागात काय’ हा दबाव तेव्हाही होताच. पण ‘करमणूक’ १८९० मध्ये हरिभाऊंनीच काढलं होतं, आणि संपादक तेच होते. वाचकांना धक्का बसेल असं विधवेचं दुःख छापायचं की नाही, हे ठरवणारी खुर्ची त्यांचीच होती.

घरभाडं कोण भरतं?

तरीही सगळ्यांना असं काम मिळत नाही. मग दुसरा मार्ग येतो: नोकरी एकीकडे, लेखन दुसरीकडे.

अरुण कोलटकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर म्हणून नावाजलेले. साबण, कापड विकायला मदत करणाऱ्या या माणसाने कविता मात्र कुणालाच विकायला घाई केली नाही. इंग्रजी ‘जेजुरी’ १९७६ मध्ये पुस्तकरूपात आलं, पुढच्या वर्षी त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइज मिळालं. त्यानंतर कुठलाही प्रकाशक त्यांच्यामागे लागला असता. पण ‘भिजकी वही’सारखे त्यांचे मोठे संग्रह आले ते थेट २००३-०४ च्या सुमारास, मृत्यूच्या अगदी आधी. पुस्तकंही छोट्या, मैत्रीतून उभ्या राहिलेल्या प्रकाशनांकडून. इंग्रजीसाठी ‘क्लिअरिंग हाउस’, मराठीसाठी अशोक शहाणे यांचं ‘प्रास’. पोटाचा प्रश्न दुसरीकडे सुटलेला असल्यामुळे कोलटकरांना थांबणं परवडलं. ‘नाही’ म्हणता येणं हीसुद्धा एक मिळकत असते.

तुम्ही म्हणाल, आर्ट डायरेक्टरच्या पगारावर कुणीही थांबेल. मग नारायण सुर्वे बघा. गिरणीत काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, नंतर शिक्षक झाले. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आलं. त्यांच्या नोकरीने त्यांना चैन दिली नाही. पण कविता कुणाला आवडेल याचा विचार न करता लिहिता येईल एवढी भाकरी दिली, आणि शिवाय लिहायचा विषयही दिला.

वसईच्या लोकांसाठी आणखी जवळचं उदाहरण म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. विरारच्या पश्चिमेला नंदाखालचे. धर्मगुरू म्हणून जगले, ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन केलं, हरित वसईच्या लढ्यात उतरले आणि मराठीत ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. अशा कामाला वर्षांनुवर्षं द्यावी लागतात. बाजारावर पोट असलेल्या लेखकाला तेवढा वेळ कोण देणार? २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

तिसरा मार्ग विजय तेंडुलकरांचा. आधी पत्रकारिता, पुढे चित्रपटांच्या पटकथा, आणि या सगळ्याबरोबर नाटक. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘अर्धसत्य’ या पटकथा त्यांच्या. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटाचा पैसा कुठून आला होता माहीत आहे? गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पैसा पैशासारखा नसतो, तो असा. पाच लाख शेतकऱ्यांनी दिलेल्या निर्मितीत शेतकऱ्याची गोष्ट सरळ सांगता येते.

आणि ‘सखाराम बाईंडर’ला १९७२ मध्ये अडवलं ते बाजाराने नाही. प्रेक्षक तिकीट काढायला तयार होते. कात्री घेऊन उभं होतं ते सरकारी परिनिरीक्षण मंडळ. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. स्वातंत्र्याचा शत्रू प्रत्येक वेळी पैसाच असतो असं समजलं, की बाकीचे शत्रू दिसेनासे होतात.

आणि आज?

आता तुमच्याकडे येऊ. आज मराठीत लिहून पैसे मिळण्याची ठिकाणं पूर्वीपेक्षा नक्कीच जास्त आहेत. मालिका, वेब सिरीज, ऑडिओ मालिका, वाचनाची ॲप्स, जाहिराती, यूट्यूबच्या स्क्रिप्ट्स. पण प्रत्येक ठिकाणी शेवटचा शब्द वेगळ्या माणसाच्या हातात आहे.

पुस्तकापासून सुरू करू. साधा हिशोब मांडा. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती विकल्या गेल्या तरी तुमच्या हातात येतात १५ हजार रुपये. वर्ष-दोन वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाचे. इथे शब्दावर हुकूमत तुमची असते, पण त्यावर भाडं भरता येत नाही.

मालिकेत उलटं. पैसे एपिसोडप्रमाणे, म्हणजे काम चालू असेपर्यंत बऱ्यापैकी. पण कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या तिघांवर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि सोमवारी मरणार असलेलं पात्र वाचतं किंवा वाचणारं पात्र मरतं. शिवाय केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळणं ही त्या धंद्यातली रूढ गोष्ट. या कामात शिकायला भरपूर मिळतं, हे खरं. रोज पानं लिहायची सवय लागते, तोंडात बसेल असा संवाद जमतो. फक्त ते ‘माझं’ लेखन नाही हे आधीच स्वतःला सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मन मोडत नाही.

ॲपवर तिसरीच तऱ्हा. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी संपादक नाही, नकाराचं पत्र नाही. लिहा आणि टाका. वाचकांच्या सबस्क्रिप्शनमधून काही लेखकांना वाटाही मिळतो. पण भाग टाकला की लगेच प्रतिक्रिया, आणि रोज भाग टाकला नाही तर वाचक दुसरीकडे. इथे कुणी तुम्हाला ‘असं लिही’ म्हणत नाही. हळूहळू तुम्हीच स्वतःला म्हणायला लागता. कुठल्या भागावर जास्त लाइक्स आले ते बघून पुढचा भाग वळतो. हरिभाऊंनाही वाचकांचा दबाव होताच, पण त्यांना रोज आकडा दिसत नव्हता.

आणि एक गोष्ट उघड बोलायला हवी. ‘आधी स्वातंत्र्य, पैशाचं नंतर बघू’ हा सल्ला सगळ्यांना सारख्या किमतीत मिळत नाही. समजा, विरार पूर्वेच्या बाजूला चांदीपमध्ये राहणारी एक मुलगी आहे. बीए झालं, लिहिते चांगलं. अंधेरीतल्या एका प्रॉडक्शन हाउसने बोलावलं: सहा महिने काम कर, पैसे नाहीत, पण नाव होईल, ओळखी होतील. तिने आधी विरार स्टेशन गाठायचं, मग अंधेरीपर्यंत लोकल, आणि रात्री मीटिंग लांबली की परतीच्या गाडीची आणि त्यापुढच्या रस्त्याची धाकधूक. सहा महिन्यांचा पास, जेवण, मोबाइलचा रिचार्ज घरून. घर चालतं ते कदाचित शेतीवर, कदाचित एका पगारावर. ज्या मुलाचं घर अंधेरीतच आहे, त्याला हेच सहा महिने फुकट पडतात. तिला ते कर्ज काढून पडतात.

याचा परिणाम फक्त तिच्यावर होत नाही. ती गळली, की पडद्यावर दिसणारं गाव अंधेरीत बसलेल्या कुणीतरी कल्पनेने लिहितं. मग सगळी गावं सारखीच दिसतात, सगळ्या आया सारखंच बोलतात. वसई तालुक्यात एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर, मध्ये सामवेदी, वाडवळी, आगरी, वारली अशा किती बोली. त्यातलं किती मराठी पडद्यावर आलंय ते आठवून बघा. फुकट काम करून घेण्याची पद्धत असल्यामुळे लेखक निवडले जातात ते लेखणीवरून कमी आणि घरच्या पत्त्यावरून जास्त. म्हणून पहिल्या दिवसापासून मानधन मागणं हा हावरटपणा नाही. कुणाच्या गोष्टी सांगितल्या जाणार, हे त्यावर ठरतं.

सही करण्याआधी

आता कामाचं बोलू. लेखकाचं स्वातंत्र्य भाषणात कमी आणि कराराच्या कागदात जास्त असतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी तेव्हा राज्यसभेत लेखक-गीतकारांची बाजू हिरिरीने मांडली होती. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक लिहिणाऱ्याला माहीत हव्यात.

पहिली: नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणून कॉफी पिता पिता सगळी गोष्ट तोंडी सांगून टाकू नका. आधी लिहा, तारखेसह मेलवर पाठवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन स्क्रिप्टची नोंदणीही करता येते.

दुसरी: हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच लागतं. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल, तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एका वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो तुमच्याकडे परत येतो. ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत’ ही ओळ करारात दिसली, तर ती तुमच्या सोयीसाठी घातलेली नाही एवढं ओळखा. करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, ते स्पष्ट नाव घेऊन लिहिल्याशिवाय करारात येत नाही, हेही २०१२ च्या दुरुस्तीने सांगितलं.

तिसरी: चित्रपटासाठी गाणं किंवा पटकथा लिहिली, तर थिएटरमधलं प्रदर्शन सोडून इतर वापरांच्या रॉयल्टीतला तुमचा वाटा तुम्ही स्वतःहूनही सोडून देऊ शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. ‘एकदाच पैसे घे आणि विसरून जा’ म्हणणाऱ्याला हे सांगता यायला हवं.

चौथी, आणि स्वातंत्र्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: कलम ५७. हक्क विकल्यानंतरही आपलं नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वर चित्रपट निघाला, तेव्हा त्या याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. नावाची किंमत सलीम-जावेद यांना फार आधी कळली होती. १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तर त्यांनी पेंटरला पैसे देऊन मुंबईभरच्या पोस्टरांवर ते रंगवून घेतलं.

उलट बाजूही माहीत असू द्या. पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून जे लिहाल, त्याचा पहिला मालक सहसा मालकच असतो. त्यामुळे जाहिरात एजन्सीत बसून तुम्ही घोषवाक्यं लिहा, पण कादंबरी घरच्या वेळेत, घरच्या लॅपटॉपवर.

यंत्राशी भांडण

एआयचं काय, हा प्रश्न आता टाळता येत नाही. जाहिरातीचा कॉपी, मालिकेचा कच्चा सीन, ‘दहा टॅगलाइन दे’ हे सगळं मशीन लगेच देतं, आणि नवशिक्या लेखकाचं पहिलं काम तेच असायचं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे पटकथालेखक २ मेपासून १४८ दिवस संपावर होते. स्ट्रीमिंगमधला वाटा आणि एआय, हे त्यांचे दोन मोठे मुद्दे. करारात त्यांनी मान्य करून घेतलं की एआयला लेखक मानायचं नाही आणि लेखकावर ते वापरण्याची सक्ती करायची नाही. भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तोही आपला मजकूर परवानगीशिवाय वापरल्याबद्दल.

हॉलिवूडच्या त्या लेखकांत मोठी नावं होती आणि भाडं थकलेलेही होते. त्यांनी कुणी ‘कला वाचवा’ एवढंच म्हणून घरी गेलं नाही. त्यांनी कलमं लिहून घेतली. तेही एकेकट्याने नाही, संघटनेने. मराठीत लिहिणारे बहुतेक जण एकेकटे बोलणी करतात, आणि दुसऱ्याला काय मानधन मिळालं हे विचारायला लाजतात. ती लाज फायद्याची आहे, पण लेखकाच्या नाही.

मग करायचं काय?

पहिलं काम हातात आलं की तीन गोष्टी विचारा. माझा मजकूर बदलायचा अधिकार कुणाला, आणि बदलण्याआधी मला विचारणार का? हे काम झाल्यावर हक्क कुणाकडे, किती काळ? पैसे किती, आणि कुठल्या तारखेला? तिन्ही उत्तरं हवी तशी मिळणार नाहीत. पहिल्या कामात तर नाहीच. पण कशाच्या बदल्यात काय सोडतोय, हे तुम्हाला माहीत असेल. चांगले पैसे मिळत असतील तर शब्दावरचा ताबा सोडायला हरकत नाही. ताबा मिळत असेल तर कमी पैशातही काम करता येतं. पैसेही नाहीत, ताबाही नाही आणि हक्कही जाणार, अशा कामाला ‘संधी’ म्हणू नका.

दुसरं, एक तरी गोष्ट अशी लिहीत राहा जिच्यावर कुणाचाच हुकूम चालत नाही. आठवड्याला दोन पानं चालतील. पगार ज्यातून येतो त्याचा राग करत बसू नका, कोलटकरांनी नाही केला. पण ती दोन पानं त्या पगाराला विकू नका.

आणि चांदीप-विरारकडून रोज लोकल पकडणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. ‘तुमच्याकडचं कोण वाचणार?’ असं कुणी म्हटलं, तर लगेच मान डोलवू नका. शिरवळकरांना लायब्ररीतले वाचक ओळखत होते, समीक्षक नाही. शुक्लांना समीक्षक ओळखत होते, पण त्यांचे पैसे आले ते तरुण वाचकांकडून, पंचवीसेक वर्षांनी. कोण वाचेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, वाहिनीला नाही आणि प्रकाशकालाही नाही. करारात काय लिहिलंय ते मात्र सही करण्याआधी वाचता येतं. ते वाचा. नाही कळलं तर कॉलेजातल्या लॉच्या मित्राला चहा पाजा आणि वाचून घ्या.